पाण्याचं कडं आणि बिराप्पा

पंप दुरुस्त करणारी बाई म्हटलं की लोकांना विहिरीवरचा पंप आठवतो. मग मला सांगावं लागतं, बाबांनो, पाणी ओढणारे पंप मी फार थोडे केले. मी जन्मभर केले ते हवा ओढणारे. यावर समोरचा विचारतो, हवा ओढून करायचं काय? संपादकबाई घरी आल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना म्हटलं, हे वाचणार कोण? शिवाय माझी शाळा चौथीतच सुटलेली. त्या म्हणाल्या, बोलता तसंच लिहा. म्हणून बसले आहे.

आधी ते हवेचं सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. उसाचा रस उघड्या काहिलीत आटवला की गूळ होतो. आमच्या सांगलीत गुळाला काय तोटा नाही. पण साखर पाहिजे असेल तर रस मंद उष्णतेवर उकळायला हवा, नाहीतर तो करपून लाल होतो. त्यासाठी बंद भांडं वापरतात. त्याला पॅन म्हणतात, पण आपल्या घरातल्यासारखा नव्हे. आत चार माणसं उभी राहतील एवढा. या पॅनमधली हवा काढून घेतली की पाक थोड्या उष्णतेवरच उकळायला लागतो. ही हवा काढायचं काम आमच्या पंपाचं.

आता पंप. एक गोल लोखंडी डबा, त्यात पात्यांचा पंखा. पंखा डब्याच्या मधोमध नसतो, मुद्दाम एका अंगाला सरकवून बसवलेला असतो. डब्यात पाणी सोडायचं. बादलीत पाणी घेऊन हात गरगर फिरवला की मधे खळगा पडतो आणि पाणी कडेनं चढतं, बघितलं असेल तुम्ही. तसंच इथं पंखा फिरला की पाणी डब्याच्या कडेला दाबून गोल फिरायला लागतं. झालं पाण्याचं कडं. पंखा एका अंगाला असल्यामुळं एका बाजूला पात्यांमधली पोकळी मोठी होत जाते, तिथं हवा आत येते. दुसऱ्या बाजूला पाणी पात्यांमध्ये घुसतं, पोकळी लहान होते, तिथून हवा बाहेर ढकलली जाते. लोखंडाला लोखंड कुठं लागत नाही. दाबायचं सगळं काम पाणी करतं. ते करता करता तापतं, थोडं हवेबरोबर बाहेर पडतं, म्हणून नवं गार पाणी सारखं द्यावं लागतं. ते कमी पडलं की कडं पातळ होतं, हवा मागच्या मागं निसटते, पंप तापतो, पात्यांवर क्षाराची खडी धरते. आमची सगळी देखभाल या एका गोष्टीभोवती. पाणी गार हवं, स्वच्छ हवं, पुरेसं हवं.

आणि एक ग्लँड. पंख्याचा दांडा डब्यातून बाहेर येतो तिथं ग्रॅफाइट लावलेली चौकोनी दोरी भरतात, बाहेरून आवळतात. पण गच्च नाही. तिथून थेंब थेंब पाणी गळत राहिलं पाहिजे, त्या पाण्यानं दोरी आणि दांडा गार राहतो. नव्या माणसाला हे पटत नाही. गळतंय दिसलं की तो पाना घेऊन आवळतो. थेंब बंद झाला की दोरी जळते आणि दांड्याला चर पडतो. कितीजणांना मी सांगितलं असेल की बाबा, हे गळणं नव्हे, हा पंपाचा घाम आहे.

मी या कामात आले ती दोरीचंच टोक धरून. सांगलीत हळदीच्या गोदामांच्या मागच्या बोळात आमच्या यांचं दुकान होतं. हे फिटर. दोरीचे तुकडे तिरका काप देऊन कापायचे असतात, म्हणजे टोकाला टोक बरोबर बसतं. ते काम मी घरी भाजी झाली की त्याच सुरीनं करायची. यांना ते कळल्यावर सुरी वेगळी झाली. मग यांची कंबर गेली. जड पंप उचलताना काहीतरी सरकलं ते सरकलंच. हे खुर्चीवर बसून सांगायचे, मी करायची. काही वर्षांनी सांगायचंही थांबले, नुसते बसायचे.

कारखान्याच्या गेटवर पहिल्यांदा गेले तेव्हा वॉचमन म्हणाला, "डबा हितंच ठेवा मावशी, मी पोचीवतो आत."

म्हटलं, "पोचीव की. पण डबा न्हवं त्यो, पाने हायत. उचलून बघ."

त्यानं उचलला आणि परत ठेवला. पुढं तोच लांबून बघून फाटक उघडायचा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. विट्याचा एक गलाईवाला होता, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणारा. त्याचं दुकान लांब परमुलखात, आणि पंप दुरुस्तीला आणायचा आमच्याकडं, गावाला येताना. तेजाबाचा धूर ओढून ओढून पंपाची चाळण झालेली. मी कव्हर खोलायला घेतलं तर म्हणाला, "थांबा वहिनी," आणि पिशवीतून पांढरं स्वच्छ धोतर काढून खाली अंथरलं. आतला गाळ, खडी, खरवडलेलं सगळं त्यानं त्या धोतरात गोळा केलं, माझ्या नखातलंही काढायला लावलं. म्हणाला, "आमच्या धंद्यात झाडलोट फुकट जात न्हाई." त्यात सोनं निघालं की नाही ते त्यानं कधी सांगितलं नाही, पण पुढच्या वेळी धोतर मोठं आणलं.

हसू येतं अजून. पण मला आज सांगायचंय ते बिराप्पाचं.

बहात्तरच्या दुष्काळातला हंगाम. नदीकाठाला ऊस होता, कारखाने चालू होते. आणि तिकडं जत भागात माणसं सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलेली. एका कारखान्याचा पंप ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आमच्याकडं आला. दोरी जळून कोळसा, दांड्याला चर, पात्यांवर बोटभर क्षाराची खडी. केला, पाठवला. काही दिवसांत त्याचा जोडीदार आला. दोन पंप असतात, एक चालतो, एक राखीव. त्याचीही तीच गत. तोही केला. तर पहिला परत दारात. यांनी खुर्चीवरून वाकून पात्यांवरनं बोट फिरवलं.

"ह्याला पाणी मिळालेलं न्हाई," हे म्हणाले. "तहानेनं मेलाय ह्यो."

कारखान्यातल्या इंजिनिअर साहेबांचाही निरोप तोच होता. ते शांत माणूस. म्हणाले, "काकू, पंपाला पाणी कमी पोचतंय. लाईन कुठंतरी तुंबलेली असणार. एकदा स्वतः येऊन बघा." मी गेले. नळ सोडवला, जाळी काढली. जाळी लख्ख, नळ मोकळा, पाणी असं जोरात आलं की माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. तुंबलेलं काही नव्हतं.

पंपावर बसायला एक माणूस असतो. ग्लँड बघायची, बेअरिंगला ग्रीस द्यायचं, दाबाच्या गेजवरचा काटा बघायचा, पाणी कमीजास्त करायचा वॉल सांभाळायचा. हा माणूस बिराप्पा. जत तालुक्यातला, मेंढरं राखणारा. चारा-पाण्यावाचून मेंढरं संपली तेव्हा बायकोला घेऊन इकडं आलेला. मशिनरीच्या त्या उकाड्यातही खांद्यावर घोंगडं. बोलणं मराठी, मधेच कानडी. आणि काम म्हणाल तर असा पंपाचा माणूस मी पाहिला नाही. गेजचं पितळ देव घासावा तसं घासलेलं, जमिनीवर तेलाचा डाग नाही. हंगामी म्हणून घेतलेला. हा हंगाम नीट काढलास तर पुढच्यालाही तुला घेऊ, असं साहेबांनी सांगितलेलं. ते त्यानं मला दोनदा बोलून दाखवलं.

दुपारी सगळे जेवायला पांगले. मी पंपाच्या पलीकडं पालथ्या डब्यावर बसून भाकरी सोडली. बिराप्पाला वाटलं असेल मीही गेले. तो उठला, इकडंतिकडं बघितलं, वॉलपाशी गेला आणि चाक हळूच फिरवलं. मग पाना घेऊन ग्लँड आवळली. निजलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तसं केलं बघा त्यानं ते. आणि परत जागेवर येऊन भिंतीकडनं जाणाऱ्या गटारीकडं बघत बसला. पंपातनं निघालेलं पाणी त्या गटारीनं बाहेर नाल्याला जायचं. कोमट, पण नितळ पाणी. आता त्याची धार करंगळीएवढी झाली होती.

मी हाक मारली. तो उभाच राहिला.

"का केलंस रं?"

त्यानं गटारीकडं बोट केलं. मग म्हणाला, "आक्का, हे पाणी नाल्याला जातंय. नाला कुठं जातोय?"

"नदीला."

"मग नदीला कमी हाय व्हय पाणी?"

मी हातातली भाकरी फडक्यात गुंडाळली.

"आमच्याकडं टँकर येतोय," तो म्हणाला. "कवा येतोय, कवा न्हाई. आला की बायका येकमेकीच्या झिंज्या धरत्यात. ह्या येवढ्या धारंवर आमची आख्खी वाडी जगंल, आक्का. आन मी हितं बसून सोडतोय ते. पगार घिऊन सोडतोय."

रागवावं असं काही त्यात नव्हतं. पण पंप तर असा मरत होता. पंप बंद पडला की पॅनमधला पाक थिजून दगड होतो, मग तो वाफेनं सोडवत बसायचं, कारखाना थांबतो. मी त्याला राखीव पंपापाशी नेलं, कव्हर खोललं, आणि मघाशी तुम्हाला सांगितलं ते सगळं त्याला सांगितलं. पंखा हातानं फिरवून दाखवला. त्यानं प्रत्येक पात्यावरून बोट फिरवलं, मेंढराचे दात बघतात तसं.

"मग हितला बैल कुठला?" त्यानं विचारलं.

"पाणी."

"लोखंड न्हवं?"

"लोखंड नुसतं गाडा. वडतंय ते पाणी. आन तू त्या बैलाला उपाशी ठिवून गाडा वडाय लावलायस."

तो खाली बसला. "चुकलं," म्हणाला. "जनावराला उपाशी न्हाई ठिवलं म्या कवा." मग उठून वॉल उघडला, पुरा, खुणेपर्यंत. ग्लँडही मला विचारून विचारून ढिली केली. थेंब पडायला लागले तसा खाली बादली ठेवून म्हणाला, "एवढं तर घिऊ का? गंगव्वा धुण्याला न्हेईल." गंगव्वा त्याची बायको. घे म्हटलं.

साहेबांनी विचारलं, काय निघालं? मी म्हटलं, "पाणी कमी पडत होतं. आता पडणार नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बिराप्पाकडं बघितलं. कळलं त्यांना. म्हणाले, "काकू, हे शेवटचं. पुन्हा पंप बसला तर मला त्याला ठेवता येणार नाही. वरून मलाच विचारतील."

मी त्यांना म्हटलं, ते गटारीचं पाणीच फिरवून परत पंपाला दिलं तर? ते म्हणाले, "गरम पाणी परत दिलं तर पॅनमधली हवा ओढली जाणार नाही, तुम्हाला माहीत आहे. आधी ते गार करायला हौद हवा, फवारे हवेत. हंगाम चालू असताना कसं बांधू? संपला की बघतो." खरं होतं ते. खोटं बोलणारा माणूस नव्हता.

त्यानंतर तो पंप आमच्या दारात आला नाही. मी मधूनमधून जायची, दुसरी कामं असायची. पंप असा चालत होता की काटा जागचा हलत नव्हता. पॅनवरचा मुकादम वरून ओरडून म्हणायचा, "बिराप्पा, पंपाला दूध पाजतोस का रं?" बिराप्पा हसायचा नाही. बारीक होत चालला होता. त्याची बसायची जागाही बदललेली, आता गटारीकडं पाठ, भिंतीकडं तोंड. पुढच्या खेपेला बघते तर त्यानं सुताराकडनं फळ्या मागून आणून सगळी गटार झाकलेली.

"बरं केलंस," मी म्हटलं. "येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय अडकत न्हाई."

"व्हय," तो म्हणाला.

होळी झाली. उन्हं वाढली. नदीचं पाणीही खाली गेलं, पण कारखाना चालू होता. मी गेले तर पंपावर दुसरा माणूस, वर्तमानपत्राची घडी करून वारा घेत बसलेला. आधी पंप बघितला. थेंब पडत होते, वॉल खुणेवर, काटा जागेवर. पंप ठणठणीत.

"बिराप्पा कुठाय?"

"सोडलं त्येनं काम. सायबांनी लय समजावलं, ऐकंना."

कामगारांच्या खोपटांकडं गेले. गंगव्वा बाहेर बसून वाकळा बांधत होती. मला बघून तिनं पोतं टाकलं बसायला, पाणी विचारलं. मी म्हटलं, "अगं, आता तर सगळं सुरळीत झालं होतं. साहेब पुढच्या हंगामालाही घेणार होते. मग का?"

"पंप बंद पडू ने म्हनून," ती म्हणाली. "म्हनत्यात, माजा हात ऱ्हाईना. येक दिवस वॉल बंद करून बसीन, आन त्या आक्काचं नाव खराब हुईल. त्यापरास जाऊ या."

"आणि तिकडं जाऊन करणार काय?"

"खडी फोडाय घेत्यात."

मी म्हटलं, त्याला समजावून सांग, तू बायको आहेस. गंगव्वा गाठ मारायची थांबली. मान वर न करता बोलली.

"आमाला पोरगी हुती, आक्का. सुगली नाव. हिरीच्या तळाला वंजळभर पाणी ऱ्हायलं हुतं. मोठं मानूस उतराय यीना, कपारी निसटाय लागल्या हुत्या. पोरी हलक्या, म्हनून समद्या घरच्या पोरीच सोडायचे. कमरंला दोर बांधून. ती खाली बसून वाटीवाटीनं घागर भरायची. येक दिवस वरनं दरड सुटली."

तिनंच पुढं सांगितलं.

"दोर त्येंच्या हातात हुता."

मग तिनं गाठ पुरी केली.

आयुष्यात मी पुष्कळ बिघाड शोधले. आवाजावरून, खडीच्या रंगावरून, जळक्या दोरीच्या वासावरून. आत काय झालंय ते बाहेरून ओळखायचं, हेच माझं काम, आणि मला त्याचा अभिमान होता, अजून आहे. पण त्या माणसापुढं बसून मी त्याला पंप समजावून सांगितला, त्यालाही तो समजला, आणि ते समजणंच त्याला सोसलं नाही. चोरून वॉल बंद करत होता तोवर त्याला काहीतरी करता येत होतं. मी त्याला पटवलं की हे पाणी सोडलंच पाहिजे. ते खरंच होतं. आज कुणी विचारलं तरी मी तेच सांगेन. दुसरं काय सांगता आलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. अजून मला सुचलेलं नाही.

चाऱ्याचा ट्रक जतकडं निघाला होता, त्यावर जागा मिळते का बघायला बिराप्पा गेला होता. आला तो घोंगडं खांद्यावर टाकूनच. मला बघून थबकला, मग जवळ येऊन उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "हंगाम संपला की साहेब हौद बांधणार हायत. मग पाणी फिरून परत पंपालाच यील, नाल्याला थेंब जानार न्हाई. तवर थांब की रं."

"बांधत्याल," तो म्हणाला. "सायेब चांगला हाय."

ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला. गंगव्वानं बोचकं डोक्यावर घेतलं. बिराप्पानं दुसरं उचललं, चार पावलं गेला आणि परत वळला.

"आक्का, पंप बघून आला न्हवं? बरा हाय?"

"लय बरा हाय."

"आता तिथं बसलाय त्यो गडी कुठला?"

"हितलाच. वाळव्याकडचा."

"नदीकाठचा?"

"व्हय."

त्यानं मान हलवली. "मग निभावंल," म्हणाला, आणि ट्रककडं गेला.